हळद अर्ध्यावर राहिली

सर्व संबंधितांस, तसेच ज्यांचा काडीइतकाही संबंध नाही त्यांस, अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येते की, ज्वारीचे कणीस शेंड्याकडून खाली फुलते. बुडाकडून वर नव्हे. कोणाची हरकत असल्यास त्याने हिवाळ्यात चार दिवस शेतात उभे राहून खात्री करून घ्यावी.

हसा खुशाल. मीही तेव्हा हसलोच होतो. या एवढ्याशा गोष्टीपायी माझ्या मावशीची बैलजोडी गेली, आणि ती घालवण्यात माझा वाटा मोठा आहे.

लातूर जिल्हा तेव्हा नवा कोरा होता. सरकारी जीपवर जुन्या जिल्ह्याचं नाव खरवडलेलं, आणि त्यावर नवं नाव असं घाईनं रंगवलेलं की दोन्ही वाचता यायची. पाऊस मात्र जुना जिल्हा संपायच्या आधीच रुसला होता तो रुसलाच होता. मी नांदेडला कॉलेजात वनस्पतिशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला होतो आणि फुलोऱ्याच्या धड्यानं मला झपाटलं होतं. मोहरीचा फुलोरा खालून वर उमलत जातो, शेंडा वाढतच राहतो, तो अकुंठित. जुईच्या फांदीचा शेंडाच आधी फूल होतो आणि तिथं वाढ संपते, तो कुंठित. दिसेल त्या झाडाला मी यांतली एक पदवी बहाल करायचो. ज्वारीनं मात्र मला छळलं. पुस्तक तिला अकुंठितांच्या पंगतीत बसवत होतं आणि ही बया फुलत होती शेंड्याकडून.

संक्रांतीच्या सुट्टीत मी रेणापूरजवळच्या मावशीच्या गावी गेलो तेव्हा ही अडचण तिच्यापुढे मांडली. मावशी विधवा, मूलबाळ नाही. सहा एकर कोरडवाहू आणि गोऱ्हे होते तेव्हापासून सांभाळलेले दोन बैल. बैल होते म्हणून ती शेतकरीण होती. ते गेले तर रान दुसऱ्याला बटईनं द्यायचं आणि त्याच रानात आपण मजुरीनं खुरपायचं, हे तिला पक्कं माहीत होतं.

तिनं रानातलं ज्वारीचं एक ताट वाकवलं. कणसाच्या शेंड्याला चार बोटं दाणे होते. उरलेलं कणीस पानाच्या आवरणातून, ज्याला आमच्याकडे पोटरी म्हणतात, बाहेरच आलं नव्हतं. तिनं नखानं पोटरी चिरली. आत पांढुरकी, मऊ, मेलेली तुसं.

"फुलोऱ्यात पिवळं पिवळं लागतं ना कणसाला, ती तिची हळद," ती म्हणाली. "माणसाला हळद पायाकडनं वर लावत्यात. हिची डोक्यावरनं खाली उतरती. चार-पाच रोजात बुडाला पोचती. औंदा ओल सरली अन् हळद अर्ध्यावर राहिली."

तीन वर्षं प्राध्यापकांना जे सांगता आलं नव्हतं, ते मावशीनं एका नखानं सांगितलं. मी खूश झालो. कडब्याची गंज संपली होती, दारात बैलांच्या बरगड्या मोजता येत होत्या आणि मी खूश!

दुसऱ्या दिवशी पिकाच्या पाहणीची जीप आली. पीक बुडालं अशी नोंद झाली तर गावात चारा डेपो सुरू होणार होता. सगळं गाव बांधावर उभं. साहेब जीपमधून उतरलेच नाहीत. त्यांच्या खिडकीसमोर बरोबर कणसांचे शेंडे डुलत होते.

"भरलीय की ज्वारी!" साहेब म्हणाले.

मावशी पुढे धावली. "वरवर बघू नका, साहेब! औंदा हळद निम्म्यावरच आली."

साहेब नांदेडकडचे. त्यांच्याकडे विहिरीच्या पाण्यावर हळदीचं पीक घेतात. ते सावध झाले. "निम्म्यावर हळद? या गावात?"

"निम्म्यावरच. सगळ्या शिवारात असंच हाय."

साहेब माझ्याकडे वळले, कारण पँट घातलेला मी एकटाच. "काय हो, खरं का?"

त्यांना कोणती हळद कळली, हे मला त्याच क्षणी कळलं होतं. आणि मी काय केलं? कमरेत वाकलो, छातीवर हात ठेवला आणि म्हणालो, "पिवळीधमक, साहेब! नजर लागावी अशी!"

बांधावरची पोरं खदाखदा हसली. मला वाटलं, साहेबही हसतील, खाली उतरतील, मग मी त्यांना पोटरी चिरून दाखवीन आणि फुलोऱ्यावर व्याख्यान देईन. जीपमधल्या कारकुनानं काहीतरी लिहून घेतलं. जीप गेली.

चारा डेपोच्या यादीत आमचं गाव नव्हतं. मावशीला घेऊन मी तालुक्याला गेलो. तिथल्या कारकुनानं कागदावर बोट टेकवलं. "निम्मं शिवार हळदीखाली लिवलंय. पाण्याबिगर हळद येती का, मावशी?"

मावशीनं पदराखालून कणीस काढून टेबलावर ठेवलं. शेंडा बघून तो म्हणाला, "चांगलं हाय की." तेव्हा कुठे माझं व्याख्यान झालं, अकुंठितासकट. त्यानं ते सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "अर्ज द्या." अर्ज जुन्या जिल्ह्याला गेला, कारण आमच्या गावचं दप्तर अजून तिथंच होतं. तिथून तो परत आला, कारण गाव आता त्यांचं नव्हतं.

तोवर बैलांनी छपरावरचं पाचट खाल्लं. मग एक बैल बसला तो आपला आपण उठेना. कॉलेज बुडवून मी तिथंच राहिलो होतो; रोज सकाळी आम्ही चौघं पोटाखाली वासा घालून त्याला उभा करायचो. ज्या सकाळी दुसऱ्यालाही उठवावं लागलं, त्या सकाळी मावशी म्हणाली, "चालत्यात तवर नेऊ."

त्या वर्षी रेणापूरच्या बाजारात बैल घेणारे शेतकरी नव्हतेच. घेणारे कोण होते हे तिला माहीत होतं, मलाही होतं, आम्ही एकमेकांना विचारलं नाही. जुनं दावं जनावराबरोबर देत नाहीत. तिनं दोन्ही दावी सोडून खांद्यावर टाकली.

परतीच्या वाटेवर मी अखंड बोलत होतो. नव्यानं अर्ज करू, नांदेडच्या सरांची चिठ्ठी आणू, काय वाट्टेल ते. ती दावी सावरत पुढे चालत राहिली. वेशीजवळ शेजारची म्हातारी ओट्यावर बसली होती. तिनं रिकामी दावी पाहिली आणि डोळ्यांवर हात धरून ओरडली, "अगं, जोडी कुठं हाय तुझी?"

मावशी थांबली. माझ्याकडे बोट केलं आणि साऱ्या वेशीला ऐकू जाईल अशी म्हणाली, "हळदीला गेली! ह्या दिवट्यानं आवतन दिलं हुतं!"