लाबाशी-मर्दुक आणि माझे साडू

लाबाशी-मर्दुक या राजासाठी हळहळणारा जगात एकच माणूस उरला असेल, तर ते नावन या आयरिश गावात राहणारे माझे साडू. हा राजा अडीच हजार वर्षांपूर्वी बॅबिलोनच्या गादीवर बसला आणि दोन-तीन महिन्यांतच कटात मारला गेला. पुढच्या राजाने वर शिलालेखातच कोरून ठेवलं, की पोराला वागायची रीत नव्हती. साडू हे सगळं काल शेजारच्या घरात घडल्यासारखं सांगतात. आमच्या लेकीच्या वाढदिवसाला त्यांनी मेणबत्त्या पेटलेल्या असतानाच तो कट सुरू केला, तेव्हा ती म्हणाली, "काका, कॅन वी जस्ट हॅव द केक, लाइक?" त्या राजाच्या नावाचा अर्थ साधारण 'मर्दुकदेवा, माझी लाज राख' असा आहे. तो सांगताना साडूंचा आवाज हमखास बसतो.

दोन हजार वीसच्या मार्चमध्ये ते आमच्या मराठी मंडळाचे अध्यक्ष झाले. पाडव्याचा हॉल ठरला, श्रीखंडाचा चक्का कुणी टांगायचा तेही ठरलं, आणि आठवड्याभरात सगळं बंद. मग साडूंनी राज्य चालवलं ते गाडीतून. अडलेल्यांच्या दाराशी सामानाची पिशवी ठेवायची, वर चिठ्ठी लावायची आणि पळायचं. आम्ही दोघं तापाने आडवे होतो तेव्हाची चिठ्ठी अशी: 'अध्यक्षपदाचा एकोणिसावा दिवस. साबुदाणा, जिरं. मिरच्या मिळाल्या नाहीत.'

"सरळ तारीख घाला की," मी खिडकीतून म्हटलं.

"अहो, राजे असेच उरतात," ते फाटकाबाहेरून ओरडले. "लाबाशीच्या काळातल्या साध्यासुध्या मातीच्या पाट्या सापडल्या, त्यावर त्याच्या कारकिर्दीची तारीख होती. नाहीतर त्याला कोण विचारतो?"

मे महिन्यात झूमवर सभा झाली. कार्यक्रमच नाहीत तर अध्यक्ष कशाला, म्हणून समिती बरखास्त झाली. साडू बराच वेळ काहीतरी पोटतिडकीने बोलत होते, पण ते म्यूटवर होते.

पुढच्या वर्षी दिवाळीला हॉल उघडला. माजी अध्यक्षांचा फलक मी केला होता, जुन्या कार्यक्रमपत्रिका समोर ठेवून. दोन हजार वीसची पत्रिकाच नव्हती. साडूंनी नव्या कुर्त्यात फलकापुढे उभं राहून तो वरून खाली वाचला, मग खालून वर वाचला, इथल्या माणसांसारखं "ग्रँड," म्हणजे ठीकच, म्हणाले आणि चकल्या वाढायला गेले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बायकोने स्वयंपाकघरातल्या कपाटाचं, म्हणजे इथल्या भाषेत प्रेसचं, दार उघडून आत चिकटवलेली ती चिठ्ठी मला दाखवली. मी हॉलवर जाऊन दोन नावांच्या मध्ये साडूंचं नाव मार्करने कोंबलं आणि त्यांना फोन केला. माफी मागितली, पुरावा सापडल्याचं सांगितलं.

"कितवा दिवस?" त्यांनी विचारलं.

"एकोणिसावा."

ते हळूच म्हणाले, "त्यात मिरच्या नव्हत्या हो." दीड वर्ष त्यांना लाज वाटत होती ती एवढ्याचीच.