बरोबर असलं की गप्प

गल्लीत तिला टकटक काकू म्हणत, आणि कुणी तोंडावर म्हटलं तरी ती रागावत नसे. नाव उगाच पडलं नव्हतं. सकाळी नऊच्या सुमारास घरापुढच्या दुकानात मिस्त्री, म्हणजे तिचा नवरा, वेल्डिंगला बसे. चर्रर्र आवाज व्हायचा, थांबायचा, दोन श्वास शांतता, आणि मग टक टक टक टक. रॉड जळताना सांध्यावर काळी खपली धरते. ती टोकदार हातोडीनं फोडून काढावी लागते, नाहीतर खाली सांधा कसा झालाय ते दिसत नाही, आणि वरून दिलेला रंग सहा महिन्यांत खपलीसकट गळून पडतो. बावीस वर्षं हे काम तिच्याकडे होतं.

ती काही हौसेनं या कामात शिरली नव्हती. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी दुकानातला मदतनीस न सांगता निघून गेला, एक फाटक संध्याकाळपर्यंत द्यायचं होतं, आणि मिस्त्री एकटाच कधी रॉडचा होल्डर धर कधी हातोडी धर असं करत होता. ती आतून भाजी चिरायची टाकून बाहेर आली. "आणा इकडे," ती म्हणाली, "आदळआपट मला चांगली येते, असं तुमची आईच म्हणते." मिस्त्रीनं हातोडी दिली. फाटक वेळेत गेलं. दुसऱ्या दिवशी त्यानं तिच्यासाठी एक ठेंगणं लाकडी स्टूल करून आपल्या उजव्या हाताला ठेवलं आणि जाड काचांचा चष्मा आणून दिला. बोलला काहीच नाही. तो बोलणाऱ्यांतला नव्हताच.

जो खपली फोडतो त्याला सांधा सगळ्यांत आधी दिसतो. मिस्त्री तोंडावरची काच वर करून डोळे चोळेपर्यंत तिचं बघून झालेलं असे. कुठे टाचणीएवढं भोक राहिलंय, कुठे धातू आत न शिरता नुसता वर बसलाय, कुठे कड खाल्ली गेलीय. पाइप असला तर ती आत बोट घालून फिरवायची. डोळ्याला दिसत नाही ते बोटाला कळतं, असं तिचं म्हणणं. चुकलं असलं तर ती एकच शब्द बोले, "पुन्हा." बरोबर असलं की गप्प. हा नियम कुणी ठरवला नव्हता. आवाजात बसून बसून तो आपोआप झाला होता. तिनं "पुन्हा" म्हटलं की मिस्त्री मुकाट्यानं काच खाली ओढे. ती गप्प राहिली की तो पुढचा तुकडा घेई.

बावीस वर्षांत त्यानं तिचं कधी कौतुक केलं नाही. आणि तिच्या "पुन्हा"वर एकदाही "कशाला" म्हणून विचारलं नाही. यातलं पहिलं तिनं नणंदेला, शेजारणींना, लेकीला पुष्कळदा ऐकवलं होतं. दुसरं तिच्या हिशेबात कधी आलंच नाही.

पुढे तिचं मनगट सुजायला लागलं. सकाळी पीठ मळताना कळ खांद्यापर्यंत जाई. औषध लावताना ती मिस्त्रीच्या कानावर पडेल इतक्या आवाजात म्हणायची, की एक दिवस ही हातोडी विहिरीत फेकून देणार आहे, मग बसा आपले आपण ठोकत. असं म्हणणाऱ्या माणसाला समोरच्याकडून एवढंच हवं असतं, की नको गं, तुझ्यावाचून कसं चालेल. मिस्त्रीनं ते बोलणं जसंच्या तसं खरं धरलं.

त्याच सुमाराला एका डेअरीचं काम आलं. दूध वाहून नेणारे स्टेनलेसचे पाइप, अडुसष्ट सांधे. पातळ पाइपाला रॉड लावला की भोक पडतं, आणि पडलं नाही तरी तो सांधा दुधाच्या कामाचा राहत नाही. तिथे आर्गन वेल्डिंगच लागतं, म्हणजे हवा लागू नये म्हणून सांध्यावर आर्गन वायू सोडत केलेलं. नवं मशीन घेण्याचा प्रश्नच नव्हता. त्याच्याकडे बंद पडलेल्या कारखान्यातून आणलेलं जुनं मशीन होतं, अंगानं म्हशीएवढं आणि चालू केलं की तसंच रवंथ करणारं. गॅसच्या दुकानदारानं सांगितलं, तुझं मशीन डीसी आहे ना, मग आर्गनचा टॉर्च आण, आर्गनची टाकी आण, जोडून टाक. म्हैस तीच, दावं फक्त नवं बांधायचं.

मिस्त्री एका ओळखीच्या कारखान्यात दोन दुपारी जाऊन नुसता उभा राहून बघून आला. मग टाकी आली, तिच्या खांद्याइतकी उंच. टाकीच्या तोंडाला काचेची एक नळी, गॅस सोडला की तिच्यात एक मणी वर चढून तरंगत राहायचा. टॉर्चमध्ये बसवायची टंगस्टनची सुई. ती ग्राइंडरवर लांबीच्या दिशेनं घासून टोक काढायचं. मिस्त्रीनं पेन्सिलीसारखं सुबक टोक काढलं, टॉर्च लावला, आणि पहिल्या ठिणगीलाच सुईचं टोक वितळून काडेपेटीतल्या काडीच्या गुलासारखं गोल झालं. दुसरी सुई गेली. तिसरीही गेली.

ती स्वयंपाकघराच्या दारातून बघत होती. मिस्त्री मशीनसमोर उकिडवा बसला, चहा गार होईपर्यंत बसून राहिला. मग त्यानं उठून दोन्ही केबली काढल्या आणि उलट्या लावल्या. रॉडच्या कामात होल्डर नेहमी प्लसमध्ये असायचा. टॉर्च त्यानं मायनसमध्ये दिला आणि पाइपाला लावायचा चिमटा प्लसमध्ये. चौथी सुई टिकली. जुन्या मशीनला आपोआप ठिणगी देण्याची सोय नव्हती, म्हणून तो शेजारी तांब्याचा तुकडा ठेवून त्यावर सुई हलकेच ओढायचा आणि पेटलेली ज्योत सांध्यावर आणायचा. उजव्या हातात टॉर्च, डाव्या हातात बारीक तार. ना चर्रर्र, ना ठिणग्या, ना धूर. संपल्यावर टॉर्च लगेच उचलायचा नाही. सांधा निवेपर्यंत गॅस त्याच्यावर धरून ठेवायचा.

त्यानं काच वर केली. सांध्यावर एकावर एक कलती ठेवलेली नाणी असावीत तशी रेघ उमटली होती, कडेला फिकट सोनेरी झाक. त्या दिवशी नणंद घरी आलेली होती, तीसुद्धा खुर्चीवरून उठून बघायला आली. टकटक काकू सवयीनं हातोडी घेऊन आली होती. फोडायला काही नव्हतंच. आर्गनच्या सांध्याला खपली धरत नाही.

"आता हे ठोकणं सुटलं तुझं," मिस्त्री म्हणाला. त्याच्या मानानं ते पुष्कळ बोलणं होतं, आणि तो चक्क हसत होता. "आत बस निवांत. हात बरा होईल."

"वहिनी, रिटायर केलं की गं तुला," नणंद म्हणाली. "पेन्शन आधी ठरवून घे, मागून कोणी देत नाही."

सगळे हसले. तीही हसली. हातोडी तिनं स्वयंपाकघरातल्या खिळ्याला, गाळणीच्या शेजारी अडकवली. दुपारी कुकर लावताना तिला ती दिसली आणि एकाएकी डोळे भरून आले, तेव्हा ती स्वतःवरच चिडली. तिला हवं होतं तेच तर झालं होतं. मनगटाला आराम मिळणार होता. पण बावीस वर्षं शेजारी बसवलेल्या माणसाला उठवताना इतकं खूश व्हायचं असतं का, हे तिला कुणाला विचारता येत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ती दुकानात गेली नाही. चहा वेळेवर दिला, जेवण वेळेवर दिलं, बोलणं बंद. मिस्त्रीला अबोला कळायला एरवीही चार दिवस लागत.

तिसऱ्या दिवशी सकाळी तो आत आला. डेअरीच्या कामातला पहिला बाक, पाइपाचं कोपऱ्यासारखं वळण, त्यानं कट्ट्यावर तिच्यासमोर ठेवला. "बघ," म्हणाला, आणि तिथेच उभा राहिला.

तिनं हात पुसले. बाक उचलला. बाहेरून दृष्ट काढावी असा होता. तिनं आत बोट घातलं.

आत खरखरीत लागलं. दूध लागून करपलेल्या पातेल्याचा तळ कसा लागतो, तसं. तिनं बोट एकदा पूर्ण फिरवलं. सगळीकडे तेच. बाहेर काढलं तेव्हा बोटाच्या टोकाला काळी कणी चिकटली होती. ती तिनं ओट्यावरच्या फडक्याला पुसली.

"पुन्हा" हा शब्द जिभेवर आला होता. ती नंतर कितीतरी वर्षं स्वतःला सांगत राहिली, की आपल्याला आर्गनमधलं काय कळत होतं, कदाचित हे आतून असंच असेल, त्यानं कारखान्यात जाऊन बघितलंय, आपण थोडंच बघितलंय. पण हे सगळं मागाहून. त्या वेळी कट्ट्यापाशी तिच्या मनात एवढंच आलं, की रिटायर माणसाला कोण विचारतं. तिनं बाक कट्ट्यावर ठेवला आणि गॅसवरचं दूध ढवळायला वळली.

मिस्त्री क्षणभर थांबला. मग बाक उचलून, शीळ घालत, बाहेर गेला. तो शीळ घालतो हे ती विसरूनच गेली होती.

उरलेले सदुसष्ट सांधे त्यानं बारा दिवसांत पूर्ण केले. दुकान इतकं शांत असे, की गल्लीतली माणसं डोकावून विचारायची, मिस्त्री गावाला गेलेत का.

पाइप गेल्यानंतर आठव्या दिवशी डेअरीची गाडी ते सगळे घेऊन परत आली. बरोबर तपासणीच्या एक बाई होत्या. बोलायला वाईट नव्हत्या. त्यांनी एक सांधा उभा चिरून आणला होता; तो त्यांनी पुस्तक उघडावं तसा मिस्त्रीसमोर धरला. आतून काळा, फुगलेला, दाणेदार. बाहेरून गॅस मिळतो तसा आतूनही द्यावा लागतो, त्या म्हणाल्या. पाइपाची तोंडं पट्टीनं बंद करून आत आर्गन सोडायचा, नाहीतर आतली बाजू हवेनं जळते. या खरखरीत भागात दूध अडकणार, आंबणार. त्यांना हे सांधे वापरता येणार नव्हते, आणि काम त्यांनी दुसरीकडे दिलंही होतं.

"पाठवण्याआधी आतून कुणी बघितलं नाही का?" बाईंनी विचारलं.

"बघितलंय," मिस्त्री म्हणाला. "आमच्या घरात तपासल्याशिवाय काही बाहेर जात नाही."

"कुणी तपासलं?"

"हिनं." त्यानं मानेनं दाराकडे दाखवलं. ती कपबशा घेऊन तिथे उभी होती. "ती काही बोलली नाही. म्हणजे बरोबरच होतं."

त्यात टोमणा नव्हता. तिला आपली सगळी माणसं पुरती माहीत होती, कोण कुठे टोमणा मारतं तेही. हा माणूस टोमणे मारत नसे. आपल्या मालाची बाजू तो मांडत होता, आणि त्याच्याजवळ असलेला सगळ्यांत भक्कम पुरावा त्यानं पुढे केला होता. बाईंनी तिच्याकडे एकदा बघितलं आणि चहा नको म्हणाल्या.

गाडी गेल्यावर मिस्त्री पाइप भिंतीशी रचू लागला. ती कपबशा घेऊन उभीच होती.

"मी त्याच दिवशी बघितलं होतं," ती म्हणाली. "आत बोट घातलं तेव्हाच. काळं आलं होतं बोटाला."

तो रचायचा थांबला. "मग?"

या प्रश्नाला देण्यासारखं उत्तर तिच्याकडे एकच होतं आणि ते फारच लहान होतं. "राग आला होता मला," ती म्हणाली.

तो ओरडला असता तर तिनंही मनगट, चष्मा, बावीस वर्षं, सगळं बाहेर काढलं असतं, आणि संध्याकाळपर्यंत दोघं मोकळी झाली असती. "मला वाटलं, बरोबर आहे म्हणून गप्प आहेस," तो म्हणाला. मग टाकीचा कॉक बंद आहे का ते त्यानं जाऊन बघितलं. तो बंदच होता.

त्यावर पुढे कधी बोलणं झालं नाही. नणंदेला त्यानं एवढंच सांगितलं, की आपल्यालाच आतून गॅस द्यायचं माहीत नव्हतं, चूक आपली. ती ऐकत होती आणि तेव्हाही गप्प बसली.

आर्गन त्यानं सोडलं नाही. आतून गॅस द्यायला तो शिकला. डेअरीचं काम परत आलं नाही, पण जिन्यांचे कठडे, कँटीनची टेबलं, असं काही ना काही येत राहिलं. फाटकं आणि जाळ्या अजून रॉडनंच होतात, त्यामुळे तिनं हातोडी खिळ्यावरून काढली आणि ती पुन्हा स्टुलावर जाऊन बसली. मिस्त्री हो म्हणाला नाही की नको म्हणाला नाही. स्टूल होतं तिथेच होतं. गल्लीत टकटक पूर्वीसारखी ऐकू येते.

फरक एवढाच, की आता ती बोलते. प्रत्येक सांध्याला बोलते. खपली फोडून झाली की "बरोबर आहे" म्हणते. पाइप असला तर आत बोट फिरवून, बोट उजेडात धरून, "स्वच्छ आहे, बरोबर आहे" म्हणते. पूर्वी याची कधी गरज पडली नव्हती.

"हं," मिस्त्री म्हणतो. मग तिच्या हातातून तो पाइप घेतो, दाराच्या उजेडाकडे वळवतो, खिशातली बॅटरी काढतो आणि एक डोळा मिटून आत बघतो. बराच वेळ बघतो. तिच्या मनगटाची कळ आता वाढली आहे, पण हातोडी विहिरीत टाकते असं ती हल्ली म्हणत नाही. तो बघून होईपर्यंत ती हात मांडीवर ठेवून स्टुलावर बसून राहते.