बाबा आणि हेन्रीचा नियम

माझे बाबा, गव्हाणचे भगवान घरत, सत्तेचाळिसाव्या वर्षी बारावीला बसले आणि त्यांना केमिस्ट्री शिकवणं माझ्या गळ्यात पडलं. तळोज्याच्या एका केमिकल कंपनीत वीस वर्षं ड्रम भरून त्यांची कंबर गेली होती. कशीबशी लॅबमधली बसून करायची नोकरी मिळाली, तर नवा नियम आला. या उन्हाळ्यात बारावी सायन्स पास, नाहीतर परत ड्रमवर. मुक्त विद्यालयाच्या परीक्षेत ते आधी एकदा आपटले होतेच.

माझं डोकं लवकर तापतं. शिफ्टवरून आलेला माणूस पुस्तकापुढे पेंगतोय हे दिसायचं, तरी मी ओरडायचे. हेन्रीच्या नियमातला दाब त्यांना पटकन कळला. द्रवावर वायूचा दाब वाढला की तो जास्त विरघळतो; सोड्याचं बूच उघडलं, दाब उतरला, की फसफसून बाहेर. तापमानाशी मात्र गाडी अडायची. पाणी तापलं की वायू जास्त विरघळतो, असंच ते दर वेळी लिहायचे.

"कुठून आणता हे?" एकदा मी वही आपटलीच.

"आपले तल्यान बगितलाय मी. उनाची जिताडी वर येतान. वरचा पानी गरम, तितंच हवा जास्त. म्हनून येतान ना?"

"बाबा, गरम पाण्यात ऑक्सिजन कमी उरतो. तो पुरत नाही, म्हणून मासे वर तोंड काढतात."

दोन वर्षांपूर्वी, वारा पडलेल्या मे महिन्यात, आमच्या तळ्यात पाळलेले सगळे जिताडे मासे एका दिवसात मेले होते. पाण्यात हवा सोडायचा पंप होता, पण लावला नव्हता.

"म्हंजे त्या दिसा ती गुदमरत व्हती," ते म्हणाले. "आनि मी बांदावर बसून बगत व्हतू. मना वाटला, खेलतान."

मला फार वाईट वाटलं. त्यानंतर ते उत्तर त्यांनी कधी चुकवलं नाही.

परीक्षेच्या आदल्या रात्रपाळीची सुट्टी काही मिळाली नाही. कंपनीतून ते थेट पनवेलच्या केंद्रावर गेले. पेपर सुटला तेव्हा मी फाटकाशी उभी होते.

"हेन्री आलता. बरोबर लिवला."

"आणि बाकीचं?"

"मंग डोला लागला. सरांनी उठवला तवा धा मिनटा रायलेली."

या वेळी मी त्यांच्यावर ओरडले नाही. त्यांची पिशवी मी घेतली आणि आम्ही रिक्षा स्टँडकडे चालू लागलो.

"पुडचा फॉरम कवा निंगतो, ता बग," बाबा म्हणाले. "ड्रम भरता भरता शिकू."