कोमे स्ता?

मुलीच्या बाळंतपणाआधी मी इटालियन शिकायला घेतलं. जावई इटलीचा आणि विहीणबाईंना दुसरी भाषा येत नाही, म्हणून. नमस्कार, आभार, कसं काय एवढं पाठ झालं आणि एका दुपारी त्यांचाच फोन आला. मीराला अचानक ऑपरेशनला नेलंय, एवढंच जावयाने दोन तासांपूर्वी कळवलं होतं.

विहीणबाई भराभर बोलत होत्या, मध्येच हुंदके देत होत्या. ते आनंदाचे की कसले, काही कळेना. मी वहीची पानं उलटत राहिले. त्यात कॉफी कशी मागायची ते होतं, स्टेशनचा रस्ता कसा विचारायचा ते होतं. शेवटी मी ओरडलेच, "मीरा कोमे स्ता?" मीरा कशी आहे?

‘कशी आहेस’ हे मी आयुष्यभर येताजाता विचारत आले, उत्तरासाठी न थांबता. त्या दिवशी श्वास रोखून उभी राहिले.

विहीणबाई थबकल्या. मग लहान मुलाला सांगावं तशा सावकाश म्हणाल्या, "बेने. मीरा बेने." बरी आहे.

मी पाठ केलेले आभार मानले आणि फोन ठेवला. बाळ मुलगा की मुलगी, हे विचारायचं राहूनच गेलं.