बनाबाईंचा विलायती पाळणा

बनाबाई गेनू रेणुसे, वय अंदाजे पंचेचाळीस, राहणार वेल्हे, तालुका मजकूर. धंदा शेतमजुरी. शिक्षण नाही. तालुक्याबाहेरचा प्रवास एकदा, भोरला, दाढ काढण्यासाठी. लोकोपयोगी कार्य निरंक.

बारशाला पाळणा म्हणणं हे कार्यात धरत नाहीत. आत्यानं बाळाच्या कानात सांगितलेलं नाव शेवटच्या कडव्यात तिथल्या तिथं गुंफावं लागतं. ते बनाबाईंना जमे, म्हणून गावोगावची बोलावणी येत. या मानाचं त्यांना फार होतं. तो गेला तर उरलं काय, खुरपं.

चौऱ्याहत्तरच्या थंडीत तोरण्याला निघालेली पुण्याची कॉलेजातली पोरं त्यांच्या पडवीत उतरली. बरोबर टेपरेकॉर्डर होता. सेल उतरल्यामुळं आतला विलायती गवई उपाशी असल्यासारखा एकेक सूर ओढत होता, आणि ड्रम लांबून कुणी उखळात कांडावं तसे वाजत होते. पिठलं हाटता हाटता बनाबाईंची खात्री पटली, की हा बिचारा लेकरू निजवतोय. चाल त्यांनी उचलली, शब्द आपले घातले. लेकरं पटापट झोपू लागली, तेव्हा शंका घ्यायला कारणही नव्हतं.

दोन वर्षांनी मार्गासनीच्या सर्जेरावांकडं लेकीच्या, लीलाबाईच्या, मुलाचं बारसं झालं. बनाबाईंनी दोरी धरून पहिलं कडवं म्हटलं. लीलाबाईचा भाऊ साहेबराव पुण्याला शिकत होता. तो दारात हसायला लागला.

"मावशी, हे रॉक आहे. थांबा, माझ्याकडं कॅसेट आहे."

त्याच्या टेपमध्ये सेल नवे होते. पहिल्याच दणक्याला बाळानं टाहो फोडला. गायक पाठीमागं गवा लागल्यासारखा ओरडत होता. पण चाल तीच होती, नाकारायची सोय नव्हती. बनाबाईंचा हात दोरीवर तसाच राहिला.

"बंद कर त्ये," सर्जेराव म्हणाले. त्यांचा चेहरा घरात चोर सापडल्यासारखा झाला होता.

बाळाची आत्या भामाबाई पदर सावरून उठली. "आमच्यात असला पाळना चालत न्हाई. दुसरी कुनी बगा."

"बस खाली," सर्जेरावांची म्हातारी आई धोंडाबाई म्हणाली. "तुज्या धाकट्याचं नाव ह्याच्यावरच ठिवलंय न्हवं? मंग त्याला आता काय म्हनायचं, बिननावाचा?"

भामाबाई बसली. जमलेल्यांपैकी निम्म्या बायकांची लेकरं त्याच अडचणीत होती.

बनाबाईंना यातलं काही ऐकू गेलं नसावं. "म्या ह्ये लेकरांच्या कानात घातलं?" त्या पाळण्याकडं बघत म्हणाल्या. "मला वाटलं, त्यो निजवतोय." त्यांनी दोरी खाली ठेवली. "आता म्या न्हाई म्हननार. कुटंच न्हाई."

"अवं मावशी, पोर रडतंय," लीलाबाई म्हणाली.

बनाबाई हलल्या नाहीत. बाळ काळंनिळं व्हायला लागलं, तेव्हा लीलाबाईनं स्वतःच दोरी उचलली आणि पहिली ओळ धरली. सर्जेराव छताकडं बघू लागले. दुसरी ओळ भामाबाईनं म्हटली.

चाल तिथल्या सगळ्या बायकांना पाठ होती.