तिसऱ्यांदा कुजलेली हावर्थिया

"पुन्हा पानी! पुन्हा पानी पाजलं तुमीनं याले!"

मानोऱ्याच्या बाजारात शिलाई मशीनवरून उठून चाचा असे ओरडले, की तहसीलच्या छपरावरची कबुतरं उडाली ती थेट कारंजा गावाला जाऊन बसली. त्यांच्या हातात माझी कुंडी होती. कुंडीत हावर्थिया, म्हणजे गेल्या आठवड्यापर्यंत होती. बुटकं झाड, जाडजूड पानं, टोकं काचेच्या गोट्यांसारखी, उजेडात धरली की आरपार दिसणारी. त्या गोट्यांचा आता शेंबूड झाला होता.

"चाचा, पाऊस आडवा आला," मी म्हटलं. "मेडशीले असा पाऊस, का बेडकं स्टँडवर एसटीची वाट पाहून राह्यली होती."

"महिना झाला, इकडं थेंब नाही. तुमचीच बेडकं लय नशीबवान, भाऊ."

अख्ख्या जिल्ह्यात या काटेरी, गुबगुबीत झाडांचे वेडे आम्ही दोघंच. मी रिटायर वायरमन, ते टेलर. माझ्या गच्चीवरची झाडं बघायला मेक्सिकोतून माणसं येतात, असं मी गावात सांगतो. येतो एक कावळा. तोही रोज नाही.

आमची अदलाबदल अशी : झाडाच्या बुडाशी फुटलेलं पिल्लू द्यायचं, आई ठेवायची. समोरच्याचं मेलं तर दुसरं पिल्लू द्यायचं. कारण विचारायचं नाही. या हावर्थियाचं पिल्लू चाचांनी दिलं. ते कुजलं. दुसरं दिलं, तेही कुजलं. पहिल्या वेळी मी वानरांचं नाव घेतलं, दुसऱ्या वेळी शेजाऱ्याची म्हैस कुंडीवर शिंकली. तिसरं देतानाच चाचा म्हणाले होते, "आता एकच पिल्लू उरलं. ते काही देत नाही."

ते मिळालं नाही, तर दोन एसट्या बदलून मानोऱ्याला यायला माझ्याकडे दुसरं निमित्त नव्हतं. बाकी सगळं मेडशीतच मिळतं.

चाचा स्टुलावर बसले. कारण न विचारण्याचा नियम त्यांनीच मोडला.

"वायरमन मानूस तुमी, डोकं हाये तुमाले. मंग काहून देता पानी?"

एरवी माझ्या खिशात चार थापा तयार असतात. त्या दिवशी खिसा फाटका निघाला.

"बायको जाऊन दोन वर्षं झाली," मी म्हटलं. "पोरं पुण्याले. संध्याकाळी गच्चीवर जातो. रिकाम्या हातानं कुंड्यांशी बोललो, त शेजारचे पाह्यतात. हातात झारी असली का कोनी काही म्हनत नाही. बोलता बोलता पडते थोडं."

चाचांनी मागच्या खिडकीतली आई-झाडाची कुंडी आणली, काज करायच्या सुईनं माती सैल केली आणि ते शेवटचं पिल्लू हळूच सोडवलं. मुळं फुंकून साफ केली, वर्तमानपत्रात गुंडाळली. पुडी माझ्या हातात ठेवली आणि मशीनवर जाऊन बसले. कुणाच्या तरी पायजम्याचा नाडा अर्धा राहिला होता.

पुडी शर्टाच्या खिशात ठेवून मी दारातच थांबलो.

"आता याले पानी कवा देऊ?"

मशीन सुरू झाली. त्यांनी वर पाहिलं नाही.

"तुमी नका देऊ. पंधरा दिवसांनी इथं घेऊन येजा. मी देतो."