तक्त्यातली पहिली ओळ

झेरॉक्सच्या गरम कागदांचा वास आला की ती मुलाखत आठवते. सीबीटी ही मानसोपचाराची पद्धत कुठे शिकवतात ते शोधत, फरीदाबादहून दोन बस बदलून मी तिसऱ्या संस्थेत पोचले होते. येताना स्वतःच्या मनातल्या विचारांचा तक्ता भरून आणायचा होता. मी पुस्तकातलीच उदाहरणं सुबक अक्षरात उतरवली होती. मुलाखत घेणाऱ्या मॅडम म्हणाल्या, "बेटा, ये तो किताब का मरीज़ है. तुम कहाँ हो?" आणि नुकताच झेरॉक्स केलेला कोरा तक्ता पुढे सरकवला. बऱ्याच वेळाने मी लिहिलं, 'बाबा सातवी शिकलेले, मला हे झेपणार नाही.' "अच्छा, सोमवार से आओ," त्या म्हणाल्या. आज, इतक्या वर्षांनी, माझ्याकडचा शेवटचा रुग्ण गेल्यावर थकून स्वतःसाठी तक्ता घेतला, तर पहिली ओळ तीच आली.